छायाच्या खोकल्याची बातमी

३ ऑगस्ट १९८७, सोमवार. सौंसर

माझ्या मुलीचा, छायाचा, खोकला औषधाला दाद देत नाही. डॉ. भगवंतराव धोटे यांनी आज सकाळी तिची छाती स्वतः तपासून या वृत्ताला दुजोरा दिला. म्हणाले, या औषधानं बैलाचा खोकला थांबते, आठ वर्षांच्या पोरीचा काऊन थांबून नाही राहिला? माझी बायको नलिनी म्हणाली, मी त तीन टाइम देते जी, चमचा भरभरून. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. डॉक्टरांनी त्याच औषधाची दुसरी बाटली लिहून दिली.

आजपासून रोजनिशी बातमीसारखी लिहायची. आधी ताजी घटना, मग ती कोणी सांगितली, शेवटी पुढे काय होणं अपेक्षित. सौंसरचा वार्ताहर म्हणून नागपूरच्या पेपरला इतकी वर्षं हेच पाठवतो. बायकोला पुस्तकाचं दुकान चालवता येतं म्हणून मला हे जमतं.

आनंदाची गोष्ट: डेस्कने माझी मालिका मंजूर केली. ‘तरुण पिढी नशेच्या विळख्यात.’ तीन भाग. पहिला शुक्रवारपर्यंत.

मालिका लिहिणाऱ्याने स्वतः स्वच्छ असावं, म्हणून उद्यापासून माझं खोकल्याचं औषध बंद. तसं ते व्यसन नाहीच. दोन वर्षांपूर्वी खोकला झाला, तेव्हापासून घशाची काळजी म्हणून घेतो. नशा दारूच्या दुकानात मिळते. हे मेडिकलमध्ये मिळतं. फरक स्पष्ट आहे.

पुढे अपेक्षित: नवीन बाटलीने छायाला गुण येईल.

५ ऑगस्ट

कालपासून बंद. काल छान गेलं. आज सकाळी जांभया, नाक गळणं, पायात पेटके, दोनदा परसाकडे. फ्लू आहे. सौंसरमध्ये सध्या फ्लू कोणालाच नाही, म्हणजे साथीचा पहिला रुग्ण मीच. बातमी होऊ शकते.

फ्लूवर उपाय म्हणून दोन झाकणं घेतली. अर्ध्या तासात फ्लू गेला. म्हणजे हे औषधच आहे, हे सिद्ध झालं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला भाग नागपूरच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. वेळेत. डेडलाइन मी आजवर चुकवलेली नाही.

सरकारी पत्रकातून व्यसनी माणसाची लक्षणं घेतली. तो लपवतो. खोटं बोलतो. उद्यापासून सोडणार म्हणतो. घरच्यांच्या वस्तूंना हात लावतो. टाइप करताना वाईट वाटलं. असे लोक असतात जगात.

संध्याकाळी माझी बाटली संपलेली निघाली. माझं औषध मी पांढुर्ण्याहून आणतो. सौंसरच्या मेडिकलवाल्याला चौकशा फार. पांढुर्ण्याचा माणूस विचारत नाही, कागदात गुंडाळून देतो. शिवाय पांढुर्ण्याला गेलं की बातम्याही मिळतात. पण आज शेवटची बस गेली होती.

छायाच्या नवीन बाटलीत औषध तेच. त्यातून दोन झाकणं उसनी घेतली. फक्त उसनी. पहिल्या बाटलीच्या वेळीही असंच ठरलं होतं. ती परतफेड राहून गेली. बाटली खाली दिसू नये म्हणून पाणी घातलं. रंग फिका पडला. फडताळात सासूबाईंनी मोहगावहून पाठवलेल्या काकवीची बरणी आहे. थोडी काकवी घातली. रंग हुबेहूब.

काकवी पौष्टिक असते.

१० ऑगस्ट

पांढुर्ण्याला जायचं होतं. दुकानात स्टॉक आला, नलिनीने गठ्ठे सोडायला बसवलं. दुपारपासून नाक पुसत होतो. पंचफुलाबाई समोरच राहतात. त्या वही घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, काय जी मोरेश्वरभाऊ, नाक लाल करून राहिले, सर्दी का? मी म्हटलं, शाईची ॲलर्जी. त्या म्हणाल्या, अवो मंग पत्रकार काऊन झाले? नलिनी हसली. मीही हसलो.

छायाच्या बाटलीतून पुन्हा उसने. पुन्हा काकवी. आता प्रमाण निम्मं-निम्मं असेल. कदाचित काकवी जास्त.

छायाचा खोकला रात्रभर. हवेत धूळ आहे. पाऊस नाही यंदा.

१२ ऑगस्ट

पहिला भाग छापून आला. डेस्कवरून निरोप: आतून लिहिल्यासारखं वाटतं. बारा वर्षांतली सगळ्यात मोठी शाबासकी. कात्रण दुकानाच्या काचेवर लावलं.

पांढुर्ण्याला जाऊन आलो. यापुढे छायाच्या बाटलीला हात लावायचा नाही. शपथ घेतली, मात्र मनातल्या मनात, म्हणजे कोणाला विनाकारण शंका नको.

तिची बाटली ओतून खरं औषध भरावं, असा विचार होता. पण मग मला आठवडाभर पुरलं नसतं.

हे वाक्य खोडायला हवं. उद्या खोडतो.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदनानंतर शाळेत माझं भाषण. विषय नशाबंदी. अध्यक्ष पुंडलिकराव, कापसाचे व्यापारी, नशाबंदी समितीचेही अध्यक्ष. सकाळी घसा साफ राहावा म्हणून जरा जास्त घेतलं होतं. भाषण उत्तम झालं, असं पुंडलिकरावांनी सांगितलं. त्यानंतर त्यांचं भाषण झालं. ते मी डोळे मिटून, एकाग्रतेने ऐकलं.

पंचफुलाबाईंनी मात्र घरी येऊन नलिनीला सांगितलं, तुमचे मालक स्टेजवर घोरून राहिले होते, पोरं त हासू हासू मेली.

दोन सूत्रांत तफावत आहे. पुंडलिकराव जास्त जबाबदार व्यक्ती आहेत.

१७ ऑगस्ट

छायाने पाहिलं.

परवा शाळेत वाटलेली पेपरमिंटची गोळी चघळत स्वयंपाकघरात आली, तेव्हा माझ्या एका हातात तिची बाटली, दुसऱ्या हातात बरणी. (शपथ मोडली, कारण काल रविवार, पांढुर्ण्याचं मेडिकल बंद.) तिने सगळं नीट पाहिलं. म्हणाली, मंग म्हणूनच माहं औषध गोड झालं. पहिले कडू लागे.

मी म्हटलं, हो, तुझ्यासाठी गोड केलं. ती म्हणाली, अन् तू काऊन कडू पितो?

मुलांशी खोटं बोलू नये. तिला समजावलं की पत्रकार आपलं सूत्र कधी उघड करत नाही. तुरुंगात टाकलं तरी नाही. आता ती माझं सूत्र आहे आणि हे आपल्या दोघांचं गुपित. आईलाही नाही. तिला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. हात पुढे करून वचन दिलं आणि त्या वचनाच्या मध्येच तिला ढास लागली. ओट्याला धरून वाकली. मी पाठ चोळली.

ढास थांबल्यावर तिने स्वतःच चमचा पुढे केला. मी तो भरला. काकवीने.

दुसरा भाग लिहायला बसलो. सुचलं नाही. दोन झाकणांनंतर सुचलं.

१९ ऑगस्ट

डॉ. धोटे यांनी आज क्षयाची शंका व्यक्त केली. हा शब्द त्यांनी हळू उच्चारला, पण नलिनीने ऐकला. म्हणाले, दोन बाटल्या झाल्या, औषध पक्कं आहे, तरी फरक नाही. म्हणजे छातीतच काही असेल. नागपूरला नेऊन फोटो काढून आणा. मग सुया सुरू करू, सुया बऱ्याच दिवसांच्या असतात.

घरी आल्यावर नलिनीने छायाचं ताट-वाटी वेगळी काढली. काढताना माझ्याकडे पाहून म्हणाली, तुमी काई बोलून नाही राहिले? मी म्हटलं, धीर धर.

शाळेने घरी ठेवायला सांगितलं. पंचफुलाबाईंनी त्यांची पोरं पाठवणं थांबवलं. राग नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. छाया खिडकीत बसून तिच्या लाकडी नंदीला रंग देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सगळी पोरं आपापले नंदी घेऊन फिरतील. तिला फिरता येणार नाही, हे अजून तिला कोणी सांगितलेलं नाही.

निर्णय: उद्या सकाळी डॉक्टरांना एकट्याने भेटून सर्व सांगायचं. मुद्दे तयार केले. भाषा साधी ठेवणार.

२० ऑगस्ट

दवाखान्यात गेलो. भगवंतरावांनी सगळ्यांच्या आधी आत बोलावलं, काय म्हणते पत्रकार म्हणून खुर्ची दिली. म्हणाले, तुमचा पहिला भाग वाचला, अशी माणसं पाह्यजे जी गावात.

त्यानंतर सांगणं कठीण होतं. तिसऱ्या भागासाठी त्यांची प्रतिक्रिया घेतली. ते म्हणाले, व्यसनी माणूस औषध समजून घेते अन् सगळ्यात पहिले घरचे लेकरं भोगते. हे मी शब्दशः उतरवून घेतलं. चांगलं कोट आहे.

बाहेर पडून बराच वेळ नळावर तोंड धुतलं.

२२ ऑगस्ट

दुसरा भाग छापून आला. वाचला नाही.

नागपूरला फोटो काढायला सत्तावीस तारखेला जायचं ठरलं. नलिनीचा भाऊ जयवंता येणार, मी त्या दिवशी बाहेर आहे असं सांगितलं. कुठे, ते अजून ठरलेलं नाही.

नवी योजना: फोटोत काही निघणारच नाही. मग डॉक्टर औषध बदलतील. नवीन औषधात मला काही रस नसेल. छाया बरी होईल. कोणालाच काही सांगावं लागणार नाही. एकच फोटो, एकदाच. विषय संपला.

फक्त सुया त्याआधी सुरू करू नका, एवढं डॉक्टरांना कोणीतरी सुचवायला हवं.

२४ ऑगस्ट, सोमवार. पोळा

सासूबाई देवकाबाई मोहगावहून आल्या. पुरणपोळी. त्यांनी येताच फडताळ उघडलं आणि बरणी हलवून पाहिली. म्हणाल्या, अवं नले, काकवी सरली? पोरीले देली ना? नलिनी म्हणाली, बाई, मी त झाकण उघडलं नाही. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मुंगळे. सासूबाई म्हणाल्या, जवाईबापू, मुंगळे झाकण लावून जातेत का?

छाया पोळी खाताना हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सूत्र भरवशाचं आहे.

उद्या पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या दोन काठांवरून दगडफेक, तिकडच्या बसेस बंद. डेस्कने वृत्तांत मागितला आहे, म्हणजे पहाटेच कोणाच्या जीपमधून जावं लागेल. पांढुर्ण्याचं मेडिकल उद्या उघडं असेल का, हा वेगळा प्रश्न. माझी बाटली आज दुपारीच संपली. छायाच्या बाटलीत आता माझ्या कामाचं काही उरलेलं नाही.

तिसरा भाग शनिवारीच गेला. शेवटचं वाक्य: आता समाजानेच जागं व्हायला हवं.

गल्लीत घरोघर दाराशी पळसाच्या फांद्या लावल्या. आमच्या दाराशी सासूबाईंनी लावली.

२५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी

घडलं ते असं. प्रत्यक्षदर्शी: पूर्ण गल्ली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं आरोळ्या देत गल्लीतून निघतात. दारच्या फांद्या ओढून काढायच्या, घरातली रोगराई नाव घेऊन मारबतीच्या, म्हणजे पिडा वाहून नेणाऱ्या बाहुलीच्या, हवाली करायची आणि सगळं गावाबाहेर नेऊन टाकायचं. लहानपणी मीही नेलं आहे.

सासूबाईंनी छायाला शालीत गुंडाळून दाराशी उभं केलं. म्हणाल्या, जोरात म्हण, म्हणजे तुही खासी जाते. मी जीपची वाट पाहत दारच्या ओट्यावर बसलो होतो. घाम, पेटके, जांभया. छायाने आजीला विचारलं, खरं नाव घ्याच लागते का? सासूबाई म्हणाल्या, त मंग! खोटं नाव घेतलं त मारबत नेत नाही, घरातच राह्यते.

छायाने माझ्याकडे पाहिलं. पत्रकार तुरुंगात गेला तरी सांगत नाही, हे तिला आठवत होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिला ढास लागली. ती संपू दिली, डोळे पुसले आणि ओरडली,

बाबाची बाटली घेऊन जाय गे मारबत!

पोरांना एवढंच पुरतं. आरोळी चालीत बसणारी होती. पंचफुलाबाईंच्या पोरांनी उचलली, मग कोपऱ्यावरच्यांनी. बाबाची बाटली घेऊन जाय गे मारबत. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. कोणीतरी ओरडलं, कोणाचा बाबा रे? दुसरा म्हणाला, अबे, पेपरवाला!

मी हसलो. गंमत म्हणून खपेल असं वाटलं.

नलिनी आत गेली. छायाची बाटली आणली, तळहातावर थेंब घेतला, चाखला. हात आईपुढे केला. सासूबाईंनी चाखून सांगितलं, हे त माह्या घरची काकवी होय.

माझ्याकडे खुलासे तयार होते. कोणी विचारलंच नाही. नलिनी शाल सावरत छायाजवळ खाली बसली, तेवढंच. जीप आली, हॉर्न वाजवला, गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

नलिनीने डॉ. धोटे यांना घरी आणलं. सर्व तिनेच सांगितलं, दारात उभं राहून. भगवंतरावांनी ऐकून घेतलं आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. मला म्हणाले, मी दोन बाटल्या लिहून देल्या, पोरीले टीबी समजलो, अन् तुमी माहं कोट घेऊन गेले?

छायाला नवीन बाटली दिली. ती आमच्या घरात ठेवायची नाही, असं ठरलं. ठेवणार कुठे? पंचफुलाबाई म्हणाल्या, माह्या कपाटात ठेवा, चावी कमरेले राह्यते. ज्यांनी आठवडाभर पोरं आमच्या ओट्यावर येऊ दिली नाहीत, त्या बाईंच्या कपाटात.

मला कमी कमी करत सोडायचं आहे. ते औषधही डॉक्टरच मोजून देणार, दवाखान्यात, त्यांच्यासमोर प्यायचं. म्हणाले, फ्लूसारखं होईल. मरणार नाही, पण मेलो असं वाटेल. मी फ्लूबद्दल काही बोललो नाही.

गोटमारचा वृत्तांत गेला नाही. पहिली चुकलेली डेडलाइन.

नागपूरच्या बसने आजचा पेपर आला. तिसरा भाग, माझ्या नावासकट, वर भगवंतरावांचं कोट चौकटीत. नलिनीने दुकानात उभ्याने पूर्ण वाचला. मग घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, एवढं सगळं कोणी सांगतलं तुमाले?



काचेवरचं कात्रण मी काढायला गेलो. तिने म्हटलं, राहू द्या.

२६ ऑगस्ट, बुधवार

छाया आज दुपारनंतर फारशी खोकलेली नाही, असं तिच्या आजीने सांगितलं. स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. मला आत जायला कोणी मनाई केलेली नाही, पण मी ओट्यावरच असतो.

उद्याचं नागपूर रद्द. डॉक्टर म्हणाले, आधी खरं औषध पोटात जाऊ द्या, आठ दिवस पाहू. खोकला गेला तर पोरीला काहीच नव्हतं. नाही गेला तर फोटो.

याचा अर्थ मी नीट लावून पाहिला. खोकला गेला, तर तो माझ्यामुळे राहिला होता, हे नक्की होईल. तिचं वेगळं ताट, शाळा, खिडकी, हे सगळं माझ्यामुळे. आणि नाही गेला, तर दोष छातीचा, माझा नाही.

दुपारी पायात पेटके असताना क्षणभर वाटलं, नाही गेला तर बरं.

हे उद्या खोडायचं नाही.

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी त्यांची पोरं नंदी घेऊन आमच्या दाराशी पाठवली, तान्हा पोळा कालच झाला होता तरी. छाया नंदी घेऊन बाहेर आली. माझ्याजवळ थांबली. म्हणाली, बाबा, मी सूत्र सांगतलं, आता मले तुरुंगात टाकते का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मारबतीनं नेली का बाटली? मी म्हटलं, नेऊन राहिली आहे, वेळ लागते. तिला ते पटलं नाही, पण पोरं थांबली होती.

पुढे अपेक्षित: उद्या सकाळी सात वाजता पंचफुलाबाई भरलेला चमचा पदराआड धरून रस्ता ओलांडतील. दार नलिनी उघडेल. चमचा रिकामा होऊन परत जाईपर्यंत मला ओट्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, त्यांना दिसेन असं बसायचं आहे.